नीळकंठशास्त्री गोरे आणि आपले प्रयोजक क्रियापद

एकोणिसाव्या शतकातील गद्याचा अभ्यासघटक शिकवून झाल्यावर घेतलेल्या चाचणी परीक्षेत एका विद्यार्थ्याने पंडिता रमाबाईंविषयी लिहिले होते : ‘इंग्लंडला गेल्यावर त्यांना बाटवण्यात आले.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. शुद्धलेखनाची चूकही नव्हती. मी त्यावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या उत्तराकडे वळलो. आमच्या पट्ट्यात, म्हणजे डहाणू-तलासरीकडे, शुद्ध मराठीत लिहिलेले सलग एक पान हाती आले की प्राध्यापक आधी सुखावतो, मजकुराचा विचार नंतर करतो.

उत्तरपत्रिका वाटल्यानंतर वर्गात त्या वाक्याची आपोआप चर्चा झाली. तलासरीजवळच्या एका पाड्यावरून येणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली. एरवी ती बोलत नाही. घरी वारली, वर्गात मराठी, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत पुष्कळसे मौन, अशी आमच्याकडच्या अनेक मुलामुलींची भाषिक स्थिती असते. ती म्हणाली, “सर, आमच्या आजीलापण लोक असंच म्हणतात. मिशनवाल्यांनी बाटवलं म्हणून. रमाबाईंनी तर एवढी पुस्तकं वाचली होती. त्यांनापण कोणीतरी बाटवलंच का?”

मी तिला जे उत्तर दिले ते चुकीचे नव्हते, पण पुरेसे नव्हते. त्या अपुरेपणातून हा लेख निघाला आहे.

प्रथम क्रियापदाकडे पाहू. ‘बाटणे’ हे अकर्मक क्रियापद. पाणी बाटते, भांडे बाटते, माणूस बाटतो. यात कर्तृत्व कोणाचेच नाही, घडते ते अपघातासारखे. ‘बाटवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. यात कर्ता येतो, परंतु तो धर्म बदलणारा नसतो, बदलवणारा असतो. ज्याने धर्म बदलला तो दोन्ही रूपांत भांड्याच्या पातळीवरच राहतो. ‘तिने धर्म बदलला’ हे साधे सकर्मक वाक्य मराठीत सहज शक्य आहे. पण बोलताना आपल्या तोंडी ते येत नाही.

हीच रचना या भूमीला दुसऱ्या एका प्रसंगाने चांगली परिचित आहे. २३ मे १९४५ रोजी झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ करणार नाही असे ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणारा, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी ‘लग्नगडी’ होऊन बायकोसह गुलाम झालेला माणूस ‘नाही’ म्हणाला. त्यावर जमीनदारांनी आणि सरकारने काय म्हटले? वारल्यांना भडकवण्यात आले. पुन्हा प्रयोजक! १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच माणसे मेली, पुढे गोदावरी आणि शामराव पारुळेकरांवर हद्दपारीचे हुकूम निघाले. तर्क सरळ होता : भडकवणारे काढून टाका, म्हणजे भडकलेले शांत होतील. वारल्याने स्वतः विचार केला असेल ही शक्यता त्या वाक्यरचनेत बसतच नव्हती. गोदावरीबाईंनी पुढे आपल्या पुस्तकाला ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे नाव दिले, ‘जागा केला जातो’ असे दिले नाही. बाईंना मराठी क्रियापद कळत होते.

आता ज्यांच्यामुळे रमाबाईंविषयीचे ते वाक्य अधिकच चुकीचे ठरते, त्या गृहस्थांकडे येतो. त्यांचे नाव आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळले नाही. नीळकंठशास्त्री गोरे, धर्मांतरानंतरचे नाव नेहेम्या गोरे, पुण्यामुंबईकडच्या ख्रिस्ती मंडळींत फादर गोरे. जन्म १८२५, बुंदेलखंडातल्या कोकणस्थ ब्राह्मण घराण्यात, वाढले काशीत. न्याय आणि व्याकरण हे त्यांचे अध्ययन. मिशनरी काशीच्या रस्त्यांत येऊन शास्त्रांची निंदा करतात याचा राग आलेल्या या तरुण शास्त्र्याने ठरवले की या लोकांना वादात हरवायचे.

हरवण्याची सामग्री त्यांच्याजवळ होती. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश सनदी अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता प्रतिपादली होती. त्याला पंडितांकडून संस्कृतातच उत्तरे गेली. त्यांपैकी सर्वांत तयारीचे मानले गेलेले उत्तर नीळकंठशास्त्र्यांचे, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. वय विशीच्या आसपास. पुनर्जन्म मानायचा नाही, तर मग जन्मतःच वाट्याला येणाऱ्या दुःखाचा उलगडा तुम्ही कसा करणार, हा त्यातला एक आक्षेप. आणि तो आजही कोणत्याही सेमिनरीत मांडावा इतका धारदार आहे. याच काळात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याशी त्यांचा वाद चालू होता. प्रतिपक्षाचे खंडन करायचे तर त्याचा ग्रंथ नीट वाचला पाहिजे, ही नैयायिकाची शिस्त. त्यांनी बायबल वाचले. वाद वर्षानुवर्षे चालला, आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ज्याला ‘आमिष’ हा शब्द वापरायचा असेल त्याने या ठिकाणी तो वापरून पाहावा. घरची प्रतिष्ठा गेली, आप्त दुरावले, काशीतले स्थान गेले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी जवळजवळ बैराग्यासारखे काढले. १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. ख्रिस्ती देश पाहायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिथले व्यवहारातले ख्रिस्तीपण पाहून ते किती खिन्न झाले होते याची आठवण ऑक्सफर्डच्या मॅक्स म्युलरने पुढे लिहून ठेवली आहे. तरीही ते परत फिरले नाहीत. शंका मात्र जन्मभर येत राहिल्या. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या सी. ई. गार्डनर या त्यांच्याच पंथबंधूलाही १९०० सालच्या चरित्रात त्या लपवता आलेल्या नाहीत. १८६८ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे डीकन झाले, १८७० मध्ये प्रीस्ट झाले. कौली फादर्स या संन्यस्त संघात त्यांनी उमेदवारी केली, पण अखेरची व्रते घेतली नाहीत. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी ते मुंबईत वारले.

त्यांचा मुख्य ग्रंथ ‘षड्दर्शन दर्पण’ १८६० साली हिंदीत निघाला आणि फिट्झएडवर्ड हॉलने त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली प्रसिद्ध केले. वेदान्त्याच्या ‘व्यावहारिक सत्ते’वर त्यात केलेली चिकित्सा पाहावी. अमुक गोष्ट आहेही आणि परमार्थतः नाहीही, असे म्हणताना ‘आहे’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ करून वाद जिंकला जातो, हा त्यांचा मुद्दा. तो मान्य करा अथवा करू नका. पण ही चिकित्सा आतल्या माणसाची आहे. ज्या मिशनऱ्यांनी मूर्तिपूजेची टिंगल करून वेळ भागवली त्यांची ही जात नव्हे.

आता या लेखाचा खरा वाद. गोरे ‘सुधारक’ होते का? आपल्या नेहमीच्या यादीत बाळशास्त्री, लोकहितवादी, फुले, रानडे, भांडारकर, आगरकर येतात. गोरे येत नाहीत, कारण धर्म सोडणारा तो सुधारक नव्हे, अशी आपली अलिखित व्याख्या आहे. गंमत अशी की गोऱ्यांचे अखेरच्या वीस-पंचवीस वर्षांतले बरेचसे लेखन या यादीतल्याच लोकांना उद्देशून आहे. प्रार्थना समाज मुंबईत १८६७ साली स्थापन झाला. गोऱ्यांनी आधी बंगालमधल्या ब्राह्मोंना आणि १८७५ च्या सुमारास मुंबईपुण्याच्या समाजिष्टांना व्याख्यानांतून जे विचारले ते थोडक्यात असे : एकच, पवित्र, प्रेमळ, प्रार्थना ऐकणारा, पापाचा तिटकारा असलेला ईश्वर ही कल्पना मनुष्याच्या उपजत बुद्धीतून मिळते असे तुम्ही म्हणता. ही उपजत बुद्धी आपल्या पूर्वजांना नव्हती काय? त्यांच्यासारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या लोकांना शतकानुशतके जे दिसले नाही ते तुम्हाला इंग्रजी शाळेत गेल्याबरोबर कसे दिसले? ती कल्पना तुम्ही ख्रिस्ती धर्मातून घेतली आहे. घ्या, पण कोठून घेतली ते सांगा.

हा प्रश्न अपमानकारक आहे. तो एकांगीही आहे. भक्तिसंप्रदायाचा त्यात पुरेसा विचार नाही. पण तो टाळता येण्यासारखा नव्हता, आणि तो टाळला गेला नाही. सुधारकांनी त्याचे उत्तर शोधले आणि ते त्यांना नामदेव-तुकारामांत सापडले. आमचा ईश्वर उसना नाही, आमच्या संतांनी तो आधीच गायिला आहे. त्यांची चळवळ ही आमची धर्मसुधारणाच होय. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात रानड्यांनी संतांच्या कार्याची युरोपातल्या प्रॉटेस्टंट चळवळीशी जी तुलना केली, ती आपण सारे शिकलो आणि आता शिकवतो. संत हे समाजसुधारक, संतांनी समता आणली, संतांनी राष्ट्र घडवले, या विधानांवर आपल्या निम्म्या प्रश्नपत्रिका उभ्या आहेत. रानड्यांची ही मांडणी एकट्या गोऱ्यांना दिलेले उत्तर आहे असे मी म्हणत नाही. मिशनऱ्यांनी हा मारा अर्धे शतक चालवला होता. परंतु त्या साऱ्या माऱ्यात मराठी घरात वाढलेला, शास्त्र जाणणारा, सुधारकांचेच तर्क त्यांच्यावर उलटवणारा प्रतिपक्षी म्हणून गोऱ्यांचे स्थान वेगळे आहे.

म्हणजे आपली स्थिती अशी, की उत्तर अभ्यासक्रमात आहे आणि प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर आहे. पूर्वपक्ष वगळून सिद्धान्त शिकवणे याला शास्त्रीय परंपरेत काय म्हणतात हे नीळकंठशास्त्र्यांनी सांगितले असते. विद्यार्थी ‘संत हे सुधारक होते’ असे पाठ करतो. ही भाषा कोणत्या वादात, कोणाच्या विरोधात, कोणत्या दशकांत घडली हे त्याला कधी सांगितले जात नाही. मग ते वाक्य त्याला ज्ञानेश्वरीइतकेच जुने वाटते.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो अभ्यासक्रमाच्या एका बैठकीत मी ऐकला आहे : गोऱ्यांनी संस्कृत, हिंदी आणि इंग्रजीत लिहिले, तेव्हा हा मराठीचा विषय नव्हे. मी विचारले, रानड्यांचा तो ग्रंथ कोणत्या भाषेत आहे? बैठकीत चहा आला आणि विषय बदलला.

चहावरून आठवले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंच हौद मिशनमध्ये झालेले चहापान आपल्याकडे दंतकथेसारखे सांगितले जाते. टिळक, रानडे आणि इतर प्रतिष्ठित तिथे गेले, गोपाळराव जोश्यांनी नावे छापून आणली, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ते झाली. हा प्रसंग आपण सनातन्यांची मजा म्हणून सांगतो. पण त्यातून निघणारी गोष्ट फारशी मजेची नाही. त्या मिशनच्याच वर्तुळात वावरणाऱ्या गोऱ्यांनी सुधारकांच्या ईश्वरकल्पनेवर घेतलेल्या आक्षेपांनी पुणे हादरले नाही. कपातल्या चहाने हादरले. विचाराने माणूस बाटतो यावर आपला कधी विश्वासच नव्हता. बाटतो तो पाण्याने, स्पर्शाने, पावाने.

आजचे आपले वाङ्मयेतिहास धर्मांतरितांना वगळतात असे मात्र नाही. ते त्यांना निरुपद्रवी करून घेतात. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) येते ती पहिल्या कादंबरीचा मान कोणाला द्यायचा या वादापुरती. ती कादंबरी काय सांगते, कोणाला सांगते हे दोन ओळींत संपते. रेव्हरंड टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी. ‘रेव्हरंड’ ही जणू पदवी नसून आडनावाचा भाग. ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे लक्ष्मीबाईंचा विनोद. त्या विनोदाच्या तळाशी नवऱ्याने धर्म बदलल्यावर पाच वर्षे वेगळी राहिलेली आणि मग स्वतःच्या विचाराने निर्णय घेतलेली एक स्त्री आहे, हे परीक्षेत विचारले जात नाही. आणि रमाबाई येतात त्या शारदासदन आणि ‘स्त्रीधर्मनीति’ घेऊन. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांच्या बौद्धिक शंका गोऱ्यांच्या पत्ररूप लेखनाने फिटल्या, असे त्यांनी स्वतः १९०७ सालच्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका संस्कृतज्ञ मराठी माणसाने दुसऱ्या संस्कृतज्ञ मराठी बाईला युक्तिवाद लिहून पाठवला आणि तिने तो तपासून स्वीकारला. या घटनेला ‘त्यांना बाटवण्यात आले’ म्हणायचे?

शिवाय तपासून स्वीकारलेली बाई पुढे तपासणे थांबवत नाही. दोन वर्षांच्या आत रमाबाईंचे सिस्टर जेराल्डीनशी खटके उडू लागले. चर्चची सत्ता, धर्ममते, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, प्रत्येक गोष्टीवर त्यांचे प्रश्न होते. हा पत्रव्यवहार १९७७ साली आपल्याच राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला आहे. ग्रंथालयात असेल तर काढून वाचावा. बाटवलेली माणसे अशी पत्रे लिहीत नाहीत.

इथवर मी गोऱ्यांची वकिली केली. परंतु त्यांचा पुतळा उभारण्याची मला घाई नाही. पुनर्जन्माच्या प्रश्नावर मिशनऱ्यांना कोंडीत पकडणारा हा नैयायिक १८६८ मध्ये चिरंतन नरकदंडाच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहितो, तेव्हा विशीतल्या नीळकंठाची बाजू मला अधिक न्याय्य वाटते. परंपरेची सत्ता झुगारून निघालेला माणूस चर्चच्या सत्तेशी विसावला. त्यांची शिष्या म्हणावी अशी रमाबाई तिथे विसावली नाही. दुलीपसिंगांबरोबरचा प्रवासही मला खटकतो. राज्य हिरावून घेतलेल्या, इंग्रजांच्या ताब्यात वाढलेल्या त्या मुलाचे १८५३ मधले धर्मांतर खरोखरच प्रयोजक क्रियापदाच्या लायकीचे होते. १८८६ मध्ये त्यांनी ते मोडले आणि शीख धर्मात परतले. आणि गोऱ्यांची पत्नी लक्ष्मीबाई? १८५३ मध्ये मुलीला जन्म देऊन ती अल्पावधीत वारली. मुलगी एलन लक्ष्मी दुसऱ्यांच्या घरी, पुढे इंग्लंडमध्ये वाढली, इंग्रजी भक्तिगीते लिहिणारी झाली. नवऱ्याच्या निर्णयाबद्दल लक्ष्मीबाईंना काय वाटले होते हे त्या चरित्रकथेत कोणी विचारलेले दिसत नाही. साम्राज्याच्या छायेत झालेले प्रत्येक धर्मांतर मुक्त होते असे म्हणणारा भाबडा. प्रत्येक धर्मांतर लादलेले होते असे म्हणणारा आळशी, कारण त्याला कोणाचेच म्हणणे वाचावे लागत नाही.

जातीविषयीही हेच. गोऱ्यांचा सारा वाद शास्त्र्यांशी आणि शास्त्र्यांच्या शिकलेल्या नातवंडांशी आहे. शूद्रातिशूद्र त्यात जवळजवळ नाहीत. ते पाहायला जोतीरावांकडे जावे लागते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी प्रार्थना समाजाला झोडपले आणि रमाबाईंच्या धर्मांतराची उघड पाठराखण केली. ती बाई विचार करू शकते हे गृहीत धरून लिहिणाऱ्या त्या काळच्या थोड्या मराठी पुरुषांत फुले होते.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत जायला हवे. तिला मी दुसऱ्या तासाला गोऱ्यांची ही सगळी हकीकत सांगितली : काशी, मतपरीक्षा, जौनपूर, रमाबाईंना पाठवलेले लेखन. वर्ग बराच रंगला. तास संपल्यावर ती म्हणाली, “पण सर, आमच्या आजीला वाचता येत नाही.”

माझ्या साऱ्या मांडणीतली चूक तिने एका वाक्यात दाखवली होती. मी प्रयोजक क्रियापदातून सुटका करून दिली ती ग्रंथ वाचणाऱ्यांची. ज्याने षड्दर्शने उलटसुलट केली त्याने धर्म बदलला तर तो विचार. आणि ज्या बाईने तलासरीच्या मिशनच्या दारात जाऊन काही ठरवले तिचे ते ठरवणे अजून माझ्या व्याकरणात सिद्ध व्हायचे होते. झरीच्या सभेत जमलेल्या हजारोंपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यांचा निर्णय मी बिनदिक्कत निर्णय मानतो, वर्गात अभिमानाने शिकवतो, लाल बावट्याची गाणी पाठ असलेल्या म्हाताऱ्यांना वर्गात बोलावतो. मग हिच्या आजीलाच दाखला का मागत होतो? वेठ नाकारण्याला पुस्तक लागले नाही, तर देव बदलण्याला का लागावे? आणि उद्या कोणी उलट दिशेने गेले, चर्च सोडून पुन्हा हिरव्याच्या, नारनदेवाच्या पूजेला बसले, तरी त्यालाही कोणी ‘परतवले’ असे म्हणू नये, हे ओघानेच आले.

मी तिला म्हटले, आजीला विचारून ये, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आण. वारलीत लिही, देवनागरीत, जमेल तसे. तिने दोन पाने आणली. त्यातला मजकूर तिच्या घरचा आहे, तो इथे देत नाही. एवढेच सांगतो की त्या दोन पानांत आजी कर्ता असलेली क्रियापदे मी मोजली, ती सतरा भरली. आणि ‘बाटणे’ हे क्रियापद त्यांत एकदाही नव्हते.

त्या पहिल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेतले गुण मी बदलले नाहीत. त्याने ते वाक्य बाजारातल्या मार्गदर्शकातून शब्दशः उचलले होते. आणि मार्गदर्शक लिहिणारा माझ्यासारखाच कोणीतरी मराठीचा प्राध्यापक आहे.